तेरड्याचं बी

वडलांचं पिंडदान बद्रीनाथला ब्रह्मकपालावर व्हावं, ही आईची इच्छा. ती पुरी करायला तिच्या माघारी मी पितृपंधरवड्यात गेलो. परतताना गोविंदघाटाला गाडी थांबली, तेव्हा सोबतची मंडळी म्हणाली, आलोच आहोत तर फुलांची दरी अन् हेमकुंड बघून जाऊ.

घरून निघताना बायकोनं बजावलं होतं, "खरं ब्रह्मकमळ दिसलं तर देवघरासाठी एक आणा." आमच्या दारात एक ब्रह्मकमळ आहे. पण ते पानाला फूल येणारं निवडुंग, मूळचं अमेरिकेतलं. रात्री उमलतं अन् सकाळी मान टाकतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, हे तिनं कुठंतरी वाचलेलं.

घांघरियातला चहावाला म्हणाला, "उशीर केलात, सीझन संपला." दरीत आलेली बरीच माणसं तशीच हळहळत होती. मला काही तसं वाटेना. भूर्जाची पानं पिवळी पडायला लागली होती. वाटेच्या दोन्ही अंगांना छातीएवढा तेरडा माजलेला. आपल्या तेरड्याचाच भाऊबंद. फुलं थोडी, बोंडं फार. बोट लावलं की बोंड फट्कन उकलायचं अन् बी चौफेर उडायचं. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण हिणवून म्हणतो. पण रंग हे काही त्याचं पीक नव्हे, बी हे पीक. आमचा सीझन संपला होता, झाडांची सुगी चालू होती. दगडांच्या सांदीतून पायका नावाचा बिनशेपटीचा, मुठीएवढा प्राणी तोंडात गवत धरून पळाला. त्याचीही तीच घाई.

दुसऱ्या दिवशी हेमकुंडाची सहा किलोमीटरची चढण. कुंड १४ हजार फुटांवर. वर पोचता पोचता खडकांत ब्रह्मकमळं दिसली. कागदासारखी पांढुरकी पानं, आत जांभळे गोंडे, कडा करपलेल्या. मी वाकलो. मागून खच्चरवाला म्हणाला, "बाबूजी, राहू द्या."

त्यानं सांगितलं, "आमच्यात नंदाष्टमीच्या आधी याला कुणी शिवत नाही. तोवर ते बी धरतं. मग देवीपुरतं घ्यायचं, तेही अनवाणी जाऊन."

नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी, आपल्याकडं गौरी बसतात तेव्हाची. मी म्हणालो, "अष्टमी तर होऊन गेली."

तो हसला. "देवीपुरतं म्हणालो. वर येणाऱ्या प्रत्येकानं एकेक नेलं तर?"

मला एकदम १९७२ चा दुष्काळ आठवला. मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जायचे. घरात मिलो अन् सुकडी. माळवदाखाली एका मडक्यात राखेत घोळलेली बियाण्याची ज्वारी, तोंड शेणानं लिंपलेलं. धाकटी बहीण भुकेनं रडायची. आई म्हणायची, पसाभर काढा. वडील काढत नसत. एका दुपारी मी लिंपण फोडलं, मूठभर ज्वारी भाजली अन् दोघांनी खाल्ली.

पुढं पाऊस झाला. पेरणीला शेवटी चाड्यावरची मूठ रिकामी झाली अन् बांधाकडची दोन-तीन तासं कोरडी राहिली. वडील एवढंच म्हणाले, "ही तुझ्या पोटात गेली."

कित्येक वर्षं मला त्या बोलण्याचा राग होता. लेकराच्या भुकेपेक्षा बी मोठं का? आजही मी छातीवर हात ठेवून 'हो' म्हणणार नाही. पण एक गोष्ट उशिरा कळली. बी राखायचं म्हणून वडील स्वतः अर्ध्या भाकरीवर खडी फोडत होते. राखण्याचा भार त्यांनी आधी आपल्या अंगावर घेतला होता.

खच्चरवाला उतरताना सांगत होता, त्याच्या वाडवडलांची मेंढरं दरीत चरायची. १९८२ साली दरी राष्ट्रीय उद्यान झाली अन् चराई बंद झाली. आता तो आमची ओझी वाहतो. फुलं राखली हे बरंच झालं. पण राखल्याचं पुण्य बघायला येणाऱ्यांच्या पदरात अन् उपास मेंढपाळाच्या पोटाला, अशी वाटणी होत असेल तर ती नीट नाही. निदान ज्याचं पोट भरलेलं आहे, त्यानं तरी आपला हात आवरावा. तेवढा भार मला सहज उचलण्यासारखा होता.

मी रिकाम्या हातानं घरी आलो. बायको म्हणाली, "एक फूल आणलं असतं तर डोंगर काय ओस पडला असता?"

तिचं म्हणणं खोटं नाही. मडक्याचं लिंपण फोडताना मीही हेच म्हणालो होतो.