धुरावरून दोष

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांस घाटाच्या पायथ्याचा शेजार आहे. त्यामुळें ओझें आणि तें ओढणारी शक्ति यांचें नातें येथें जितकें उघड दिसतें तितकें सपाट प्रदेशांत दिसत नाहीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी चालूं लागली. सदतीस फुटांस एक फूट अशा त्या चढासाठीं कर्जतेस गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडण्याची रीत आहे. खोपोलीवरून सडकेनें वर जाणाऱ्या मालमोटारीस मात्र मागून रेटणारें कोणी नसतें. तिची सारी भिस्त स्वतःच्या इंजिनावर, आणि त्याचें बळ चाकांकडे पोंचविणाऱ्या क्लचवर.

अशाच एका जुन्या मालमोटारीची हकीकत आम्हांस विचारांत पाडून गेली. तिचें इंजिन झिजलें, म्हणून मालकानें दुसऱ्या गाडीचें इंजिन आणून बसवून घेतलें. गिअरबॉक्स जुनाच राहिला. रिकामी गाडी सपाटीवर झकास धांवली. पण विटा भरून घाट चढूं लागतांच इंजिनाचा आवाज वाढे, वेग वाढेना, आणि जळका वास सुटून धूर निघे. क्लचप्लेट उतरवली तों ती काळीठिक्कर. मिस्त्री म्हणाला, चालक पेडलवर पाय ठेवून गाडी हांकतो. मालकास तें पटलें, कारण अशा संवयीनें प्लेट जळते हें सर्वश्रुत आहे. प्लेटची किंमत चालकाच्या पगारांतून कापली गेली. पंधरा दिवसांनीं दुसरी प्लेट जळली, तिचीही तशीच.

मालकाची वृत्ति दुष्ट नव्हती, आणि त्याचें अनुमानही पोरकट नव्हतें. धुरावरून अग्नि ओळखावा हें आमचे नैयायिक शतकानुशतकें सांगत आले. परंतु धूर अग्नीची साक्ष देतो. अग्नि कोणीं लावला याची देत नाहीं. जळकी प्लेट एवढेंच सांगते कीं ती घट्ट दाबली गेली नव्हती व घसरत होती. पाय पेडलवर राहिला असेल. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर आलें असेल. प्रेशरप्लेटच्या स्प्रिंगा त्या ओझ्यास अपुऱ्या असतील. किंवा रिलीज बेअरिंग मागें न सरतां प्रेशरप्लेटच्या बोटांस टेकून राहिलें असेल. परिणाम एक, कारणें चार. आणि चारांपैकीं ज्या कारणास पगार होता त्यावरच बोट ठेवलें गेलें.

पुढें एका वृद्ध मिस्त्रीनें गाडीखालीं शिरण्यापूर्वीं पेडल हातानें दाबून पाहिलें. त्यास सुरुवातीला जी थोडी मोकळी चाल असावी लागते ती नव्हतीच. नव्या इंजिनाबरोबर आलेली प्रेशरप्लेट जुनीहून जाड. तिचीं बोटें बेअरिंगकडे अधिक पुढें आलेलीं. आणि बेअरिंग ढकलणारा दांडा जुन्याच मापाचा ठेवलेला. म्हणजे पेडलवर पाय होता खरा, पण तो चालकाचा नव्हता, जोडणीचा होता! चालक घरीं झोंपला असतांही तो तेथेंच होता. उरलेला दाब रिकाम्या गाडीस पुरे, भरलेल्या गाडीस पुरेना.

जुन्या चासीवर परकें इंजिन बसलेली गाडी जुनी कीं नवी, हा वाद नागसेन आणि मिलिंद यांच्या रथाच्या जातीचा आहे. तो आम्ही येथें सोडतों. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, इंजिन निर्दोष होतें, गिअरबॉक्स निर्दोष होता, प्रेशरप्लेटही निर्दोष होती. दोष दोन वस्तूंमधल्या अंतरांत होता, आणि अंतरास दोषी ठरविण्याची आपल्या मनास संवय नाहीं. त्यास माणूस हवा असतो. कोणी म्हणेल, तें अंतर न मोजणारा मिस्त्री दोषी होताच. होता, पण पहिल्या प्लेटपर्यंत ती चूक विसराळूपणाची होती. दुसरी जळल्यावरही आपला हात लागलेलें काम न तपासतां त्यानें दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखविलें, तेथें तिचा अपराध झाला. मालकास एवढीही सवलत आम्हांस देतां येत नाहीं. जो शिक्षा देतो त्यानें पुरावा आधीं तपासावयाचा असतो. पेडल हातानें दाबण्यास क्षणभर लागतो, आणि पैसे पहिल्याच वेळीं कापले गेले होते.

दांडा आखूड करून तिसरी प्लेट घातल्यावर गाडी विटांसह घाट चढली. मालकानें कापलेले पैसे परत देऊं केले. तोंवर तो चालक कर्जतेकडे दुसऱ्या गाडीवर लागला होता. त्यानें पैसे घेतले, मोजले, आणि ती गाडी आतां कोण चालवितो एवढेंच विचारलें.