‘कॉलनी’ : एका शब्दाच्या निमित्ताने

नानाखेडा हे नावच मुळी खेड्याचे. पण आज येथील पुष्कळांचा पत्ता ‘अमुक कॉलनी’ असा असतो. परवा नातवाने विचारले, “आजोबा, इंग्रजांनी देशाची कॉलनी केली म्हणतात आणि आपणही कॉलनीतच राहतो. मग हा शब्द चांगला की वाईट?” उत्तरासाठी शब्दकोश उघडला, आणि हाती आला तो एक नैतिक प्रश्न.

‘कॉलनी’चे मूळ लॅटिन ‘कोलोनिया’. ‘कोलोनस’ म्हणजे शेत कसणारा, नव्या जागी वसणारा. दोन्ही शब्द ‘कोलेरे’ या क्रियापदापासून झाले. त्याचे मुख्य अर्थ तीन : जमीन कसणे, वस्ती करणे आणि जपणे किंवा पूजणे. संस्कृतिवाचक ‘कल्चर’ हा शब्दही त्याच कुळातला. रोम निवृत्त सैनिकांना जिंकलेल्या मुलखात जमिनी देई. नव्या नगराची सीमा नांगराने आखली जाई. जर्मनीतील कोलोन शहराच्या नावात ती ‘कोलोनिया’ अजून नांदते आहे. मात्र त्या जमिनी पुष्कळदा आधी दुसऱ्या कोणी कसलेल्या असत.

माळव्यातील आपण मराठी माणसे या कथेला परकी नाही. अठराव्या शतकात आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज शिंदेशाहीबरोबर येथे आले, ते सत्तेच्या आधाराने. या प्रांताने मराठ्यांना चौथाई भरली. आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. वसूल करणारे हात आणि जपणारे हात एकाच राजवटीचे होते. १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला गेली. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले. राज्यकर्त्यांशी असलेले नाते संपले, शेजाऱ्यांशी असलेले उरले.

मग भूमी आपली केव्हा होते? ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या येथलेच’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण काळ लोटल्याने ताबा जुना होतो, न्याय्य होतोच असे नाही. केवळ वसणे हा ‘कोलेरे’चा एकच अर्थ. कसून फळ घ्यायचे आणि जपायचे मात्र नाही, ही वसाहतवादाची रीत. जपण्याने पूर्वीचे घेणे पुसले जात नाही, हे खरे; तरी पुढचे वागणे आपल्या हाती राहते. घरात मराठी राखताना शेजाऱ्याची माळवी आदराने ऐकणे, क्षिप्रेचे पाणी आपले मानणे, हे त्या तिसऱ्या अर्थात बसते.

नातवाला म्हणालो, “शब्दाचा दोष नाही; राहणारा कसा राहतो ते पाहायचे.” त्याने लगेच विचारले, “आपल्या घराच्या जागी आधी कोणाचे शेत होते?” इतकी वर्षे येथे राहून हे मी कोणाला विचारले नव्हते. आता विचारणार आहे.