घाई तेवढी करू नकोस

चि. नातीस,


तुझी इंटर्नशिप सुरू झाली आणि सध्या आयसीयूत ड्युटी आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. पहाटे पाचला उठायची सवय तू तिथेही सोडली नाहीस, याचा मला फार आनंद वाटला. राऊंडच्या आधी जो अर्धा तास लवकर पोचतो त्याला पेशंटचं म्हणणं ऐकायला सवड मिळते, आणि जो पेशंट बोलूच शकत नाही त्याच्या माणसांजवळ घटकाभर बसता येतं. (पण उपाशीपोटी निघू नकोस बाई, निदान चार घास खाऊन जा.) तुझ्या मनाबद्दल मला काळजी नाहीच. काळजी वाटते ती घाईची, म्हणून हे लांबलचक पत्र.

डोक्याला जबर मार लागलेलं माणूस आत असलं, की बाहेर बाकावर बसलेल्यांना कोमा काय आणि ब्रेन डेड काय, सगळं सारखंच वाटतं. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभ कायमचा बंद पडणं हाही मृत्यू मानला, पण तो ठरवायचा तर चार डॉक्टरांनी दोनदा तपासायचं आणि दोन तपासण्यांत किमान सहा तास जाऊ द्यायचे, हे तू शिकलीच आहेस. आधी झोपेच्या औषधाचा अंमल नाही ना, अंग फार गार पडलेलं नाही ना हे बघायचं, मग बाहुल्यांवर उजेड टाकायचा, आणि व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून श्वास आपणहून येतो का ते पाहायचं. पण बाहेर थांबलेल्या आईला मात्र लेकाची छाती वरखाली होताना दिसत असते, हाताला ऊब लागत असते. तिचं मन इतक्यात कसं तयार व्हावं? विरजण लावलेलं भांडं सारखं हलवलं तर दही लागत नाही, तसंच मनाचं आहे. एकदा सांग, पुन्हा सांग, आणि मधे गप्प बस.

आणि प्रत्येक निपचित पेशंट ब्रेन डेड नसतो, हे आपल्याला परळच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबागमुळे कळलं. हळदीपूरहून मुंबईला आलेली ही तरुण परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला आणि मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने जाईपर्यंत ती जवळजवळ 42 वर्षं त्याच रुग्णालयात होती. श्वास आपला आपण घेत होती, डोळे उघडे असायचे, पण बोलणं नाही. तिथल्या परिचारिकांनी, एक पिढी निवृत्त झाली की पुढच्या पिढीने, तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलून दिली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हता. (शुश्रूषेला कमी लेखणारं कुणी भेटलं, तर त्याला एवढंच सांग.)

पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला भरवणं थांबवून शांतपणे मरू द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती मागणी नाकारली, तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच शब्द मानला. आणि त्याच निकालात, जगवून ठेवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असा मार्गही पहिल्यांदा मोकळा केला. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. त्याची पद्धत फार किचकट होती, म्हणून न्यायालयानेच जानेवारी 2023 मध्ये ती सोपी केली. उपचार थांबवायचे तर आता आधी रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ, दोघांचं एकमत आणि घरच्यांची संमती लागते. अंमल करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र आजही गुन्हाच आहे. बघ, कायद्यानेसुद्धा किती सबुरीने पावलं टाकली.

पैशाचंही बोलते, कारण आपण काटकसरीच्या घरातली माणसं. आयसीयूचं बिल रोज चढतं, आणि दागिने मोडून ते भरणारी माणसं तुला रोज दिसतील. ज्या उपचाराने आता काही साधणार नाही तो ओढत राहणं ही उधळपट्टी. पण बिल वाढलं म्हणून घाबरलेल्या माणसाकडून कागदावर सही उरकून घेणं, याला काटकसर म्हणत नाहीत. खर्च खरा सांग, आशाही खरी सांग. उपचार थांबले तरी वेदना शमवणं, तोंड ओलं करणं, हात धरणं थांबत नसतं.

आता घरातली गोष्ट. मीही लिव्हिंग विल केलं आहे, दोन साक्षीदारांसमोर सही करून आणि नोटरीकडून साक्षांकित करून. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, आणि एक लोखंडी कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात. बरं होण्याची आशा नसताना मला यंत्रांवर ठेवू नये, असं त्यात लिहिलंय, आणि माझ्या वतीने बोलायला तुझं नाव घातलंय. (रडू नकोस, मी ठणठणीत आहे, असले कागद ठणठणीत असतानाच करायचे असतात.)

तशी वेळ आली तर दोन्ही मंडळांचं मत येऊ दे, लांबच्या माणसांना पोचू दे, तुझ्या आईला पोटभर रडू दे, आणि मग माझ्या शब्दावर ठाम राहा. तोवर तुझ्या वॉर्डातल्या प्रत्येक घराला असाच वेळ देत जा.

तुझी,
आजी