अक्षराचा देह

लहानपणी कित्ता गिरवावयास बसण्यापूर्वी आजोबा मला बोरू छाटून देत. त्याचे टोक नेमके किती तिरपे असावे हे त्यांना शब्दांत सांगता येत नसे. पण ते चुकले की ‘क’चे पोट एकाच जाडीचे होऊन निर्जीव दिसे, आणि साधले की वळणागणिक रेघ भरत व निमुळती होत जाई. ज्याचे क्षरण होत नाही ते अक्षर, असे तेच सांगत. आणि ओल्या बोटाने मी पुसलेले अक्षर मुकाट्याने पाहत.

गीतेच्या आठव्या अध्यायात ब्रह्माला जे नाव आहे, तेच आपण शाईच्या एका आकृतीला द्यावे, यात मोठे धाडस आहे. नामरूप हे उपाधिमात्र आणि नश्वर, असे वेदान्त सांगतो. मग ज्याने आपले सारे आयुष्य अक्षराच्या केवळ रूपाची सेवा करण्यात वेचले, त्याने असत्याचीच आराधना केली असे म्हणावे काय? रघुनाथ कृष्ण जोशी यांचे चरित्र आठवले की हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन जाहिरातीच्या व्यवसायात नाव मिळविलेला, पुढे पवईच्या आयआयटीत अक्षरविद्या शिकविणारा हा सुलेखनकार आणि कवी उत्तरायुष्यात संगणकाकडे वळला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांचे टंक घडवू लागला, आणि त्याने रेखलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 2000 बरोबर घरोघरी व कचेरी-कचेरीत पोहोचला. हातातील लेखणी टाकून त्याने यंत्र धरले, असे कित्येकांस वाटते. मला तसे वाटत नाही.

यंत्राच्या दफ्तरी ‘क’ला आकृतीच नाही, युनिकोडमध्ये तो 2325 हा आकडा आहे. ‘अक्षर’ हा शब्द तेथे अ, क, हलन्त, ष आणि र अशा पाच सुट्या नोंदींनी राहतो, आणि मधल्या तिहींच्या जागी ‘क्ष’ ही एक जुळलेली आकृती आणावी, हा हुकूम टंकाच्या पोटातील कोष्टकात कोणी तरी लिहून ठेवलेला नसेल, तर अविनाशी वस्तूचे नावच पडद्यावर तुटून पडते. चित्रकाराच्या डोळ्याला क्षची गाठ कळते, तंत्रज्ञाला कोष्टक कळते. दोन्ही एकाच माणसाला कळावी लागतात.

कोणी म्हणेल, तो आकडा हेच अक्षराचे निर्गुण स्वरूप. हे मला मान्य नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त ज्या अखंड स्फोटाचा विचार केला, तो ध्वनीने प्रकट होतो, पण ध्वनीच्या तुकड्यांची बेरीज नव्हे, आणि समितीने ठरविलेला आकडा तर ध्वनीही नव्हे, ती केवळ खात्यातील नोंद. अक्षर प्रकट होते ते वाचणाऱ्याच्या दृष्टीत, आणि तेथे ते देह घेऊनच येते. आमच्या संतांनी सगुणाला निर्गुणाची दुय्यम पायरी मानले नाही. विटेवरच्या मूर्तीचा कटीवरचा हात कोणत्या कोनात वळला आहे, याच्याशी त्यांच्या प्रेमाला कर्तव्य होते. शिरोरेषेपासून दंड किती खाली यावा याची चिंता करणारा मनुष्य त्याच पंथातला.

शिवाय या सेवेत कर्त्याचे नाव उरत नाही. हिंदी प्रदेशांत सरकारी टंकलेखन परीक्षेचे उमेदवार ‘मंगल’मध्ये बोटे तयार करतात, अर्ज, पत्रे, निविदा त्यात वाहत असतात, आणि 2008 साली सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तलेल्या त्या माणसाचे स्मरण त्या मजकुरात कोठेही नाही.

काल रात्री एक पत्र लिहिताना मी ‘कि’ टंकला. उच्चाराप्रमाणे आधी क उमटला. मग वेलांटीची कळ दाबताच तिचा दंड त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, आणि तिची कमान त्याच्या माथ्यावर झुकली. आजोबा बोरूने हीच कमान सर्वांत शेवटी, श्वास रोखून काढीत.