डब्यातली मेथी आणि विकलेली वाडी

पावसाळा सरता सरता बोईसरच्या एका नव्या इमारतीत घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे जेमतेम दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद अशी गॅलरी. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झाले, आणि चहा यायच्या आत घरधनी म्हणाले, "फादर, गॅलरीतही या." तेथे मासळीच्या बाजारातून आणलेल्या थर्मोकोलच्या सात पेट्या भिंतीला टेकवून मांडल्या होत्या. दोहोंत मेथी, एकीत कोथिंबीर, एकीत लाल माठ. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत वांगी आणि मिरची. आणि ग्रिलवर सुतळीने चढवलेला दुधी. आम्ही त्यांवरही पाणी शिंपडले. घरधनी हसत हसत म्हणाले, "वसईत अठरा गुंठे वाडी होती, फादर. माझ्या वाट्याची मी विकली. आता डब्यात मेथी लावतो. प्रायश्चित्त म्हणून चालेल का हे?"

चहा आला आणि उत्तर राहून गेले. प्रश्न थट्टेने विचारलेला होता; परंतु वाचकहो, धर्मगुरूच्या आयुष्यात थट्टेने विचारलेले प्रश्नच बहुधा खरे असतात. गंभीर चेहऱ्याने विचारलेल्यांची उत्तरे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेली असतात.

आम्ही स्वतः वाडीत वाढलो. रहाटाची कुरकुर, बावखलातले गढूळ हिरवे पाणी, पाटाने वाफ्यावाफ्यांत फिरवलेली धार, राजेळी केळीचे लोंगर आणि उन्हात वाळत घातलेल्या सुकेळीवर कावळे बसू नयेत म्हणून आम्हां मुलांना दिलेली राखण, हे आमचे पहिले शिक्षण. गोरेगावच्या सेमिनरीतले तत्त्वज्ञान त्यानंतरचे. त्यामुळे थर्मोकोलच्या पेटीतली मेथी पाहून प्रथम आमच्या मनात आली ती कीवच, हे कबूल केले पाहिजे. अठरा गुंठ्यांच्या जागी सात पेट्या! परंतु त्या गॅलरीत अर्धा तास उभे राहिल्यावर ती कीव ओसरली.

वाडीतल्या झाडाला माणसाचा विसर पडला तरी चालते. त्याची मुळे खाली ओल शोधत जातात. डब्यातल्या झाडाला खाली जायला जागाच नसते. एप्रिलच्या उन्हात एक दिवस पाणी चुकले की मिरची मान टाकते, आणि पाणी जास्त झाले व बुडाशी भोक नसले की मूळ कुजते. मेथी-कोथिंबिरीला अर्धी वीत माती पुरते, माठ-पालकाला वीतभर हवी, वांगे आणि टोमॅटो यांना फूटभर तरी खोली लागते. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरच्या डब्यातले सत्त्व आषाढातच धुऊन जाते, म्हणून गणपतीच्या सुमारास पुन्हा खत द्यावे लागते. शिवाय वजनाचा हिशेब आहे. एक चौरस मीटर जागेवर वीतभर ओल्या मातीचा थर साडेतीनशे किलोंच्या घरात जातो, आणि राहत्या खोलीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार धरून आखलेला असतो. गॅलरी थोडी अधिक पेलते, पण तिच्याही पेलण्याला सीमा आहे. म्हणूनच मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर भाजी पिकवताना मातीऐवजी मुख्यतः उसाच्या चिपाडांचा आधार घेतला. आमच्या या घरधन्यांनी पेट्यांत निम्मा पालापाचोळा आणि नारळाचा भुसा भरला होता. कारखान्यात तीस वर्षे काढलेला माणूस, भार-वजन त्याला शिकवावे लागले नाही.

इतकी निगा ज्याला रोज सकाळी घ्यावी लागते, त्याला 'बागेचे सोंग करणारा' म्हणणे अन्यायाचे होईल. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मूळ हिब्रूत मशागतीसाठी जे क्रियापद आहे, त्याचा दुसरा अर्थ 'सेवा करणे' असाही होतो. बाग किती गुंठ्यांची होती, हे तेथे सांगितलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात रोजच्या लहानसहान कृतींना क्षुद्र मानू नये, असे बजावले आहे.

येथे थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु पेटीत माती आहे, आणि ती माती कोठून तरी आलेली आहे.

पालघरच्या कोणत्याही रोपवाटिकेत लाल मातीचे पोते मिळते. ते कुठल्या टेकडीची कूस खरवडून भरले, हे आपण विचारीत नाही. सुपीक मातीचा इंचभर थर तयार व्हायला शतके लागतात. आपण तो दुचाकीवर पायांशी ठेवून घरी आणतो. फुकटची माती म्हणून नाल्याकाठची उचलावी, तर बोईसरमध्ये तोही मार्ग धोक्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली केलेल्या मोजणीत तारापूरची औद्योगिक वसाहत देशातील सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. कॅडमियमसारखे जड धातू मातीत उतरले की पालेभाजी ते फळभाजीपेक्षा अधिक ओढून घेते. म्हणजे हौसेने लावलेला माठ धुऊन घेतला तरी त्याच्या पेशीत शिरलेले विष धुतले जात नाही. ज्यांच्या घरी कारखान्यांच्या शेजारची माती वा बोअरचे पाणी वापरतात, त्यांनी पालेभाजी लावण्याआधी ते तपासून घ्यावे, एवढी व्यवहाराची सूचना येथेच करतो.

पाण्याचे तर त्याहून अवघड. धामणी येथील सूर्या धरण बांधले गेले ते मूलतः डहाणू, पालघर, विक्रमगड या भागांतील शेतीला, विशेषतः आदिवासींच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे त्यातले पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांकडे वळू लागले, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत कालवे खोदले गेले त्यांतील अनेकांनी याला विरोध केला. तेव्हा मे महिन्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन झऱ्याच्या तोंडाशी रात्र जागत असताना, शहराच्या गॅलरीत आपण शोभेच्या झाडांना नळी लावावी काय? आमचे मत विचाराल तर, लावू नये. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी निवळलेले पाणी रोज बादलीभर सहज निघते. सात पेट्यांना ते पुरते. ज्या घरात ते पुरत नाही, त्या घरात पेट्या जास्त आहेत.

बायबलमध्ये भाजीच्या बागेपायी घडलेला एक खून आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तो राजवाड्याला लागून होता म्हणून, आणि त्याला तेथे भाजीचा मळा करायचा होता. हेतूत काय वाईट? राजा भाजी लावू इच्छितो! बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायलाही तो तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. पुढे खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथ दगडांखाली मेला, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा तेथे एलीया संदेष्टा त्याला सामोरा आला. सेमिनरीत ही कथा आम्ही राजाच्या लोभाची म्हणून शिकलो. आता पन्नाशी उलटल्यावर तिच्यातला नाबोथ आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. कारण आपल्या गावांत बहुतेकांनी अहाबाला 'हो' म्हटले आणि दगड कोणालाच मारावे लागले नाहीत.

हे लिहिताना आम्ही कोणाला पाटावर बसून दोष देत नाही. ज्यांना 'नाही' म्हणायचे होते, त्यांचेही 'नाही' चालले नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठवली गेली. त्या भट्ट्या २००५ व २००६ साली सुरू झाल्या, त्यांची वीज दूरवर गेली, आणि गावकरी आखून दिलेल्या भूखंडांवर गेले. ज्याचे परस गेले त्याने दाराशी डब्यात तुळस किंवा मिरची लावली, तर ती हौस नव्हे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा तो प्रकल्प आहे. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला येते आहे. यातून कोणाचे भले होईल आणि कोणाचे नाही, याचा निवाडा येथे करीत नाही. परंतु जमिनीला भाव येतो तेव्हा चिकूच्या झाडाला तो येत नाही, हे डहाणूपासून वसईपर्यंत सर्वांनी पाहिले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीतले त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, तेव्हा आम्ही तरुण होतो. मोर्चात चाललो, घोषणा दिल्या. आणि त्याच घोषणा देणाऱ्या काही घरांतून पुढे सात-बाऱ्याचे कागद बिल्डरांकडे गेले. हुंडा, आजारपण, भावांची वाटणी, मुलाचे परदेशी शिक्षण. प्रत्येक कागदामागे एक कारण होते आणि प्रत्येक कारण ऐकताना मान डोलवावीशी वाटे.

आता आमचेच सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मग्रामात चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव आला. पावसात चिखल होतो, लग्नाच्या वऱ्हाडाच्या चपला भरतात, मोटारी रुततात. आम्ही सही केली. दोन शेवगे आणि एक जुने बकुळ तोडले गेले. आवार छान दिसू लागले. सर्वांनी अभिनंदन केले. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आधीच आटले, आणि आम्ही आवार 'हिरवे' दिसावे म्हणून त्याच ब्लॉकांवर चाळीस कुंड्या आणून मांडल्या! म्हणजे घरधन्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

तरी उत्तर टाळता येत नाही. नीतिशास्त्राचा जुना नियम असा की, पापाची क्षमा झाली म्हणून परतफेडीचे ऋण सुटत नाही. जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट देऊ केले. पण वाडी विकणाऱ्याने कोणाला लुबाडले? व्यवहार कायदेशीर होता, दस्त नोंदलेला होता. येथे संत थॉमस अॅक्वायनस यांचे एक सूत्र उपयोगी पडते: वस्तू बाळगणे माणसाचे स्वतःचे असू शकते, वापर मात्र त्याने सर्वांचा समजून, गरजवंताला देण्याच्या तयारीने करावा. अठरा गुंठे जमीन एका घराच्या मालकीची असली तरी तिच्यात मुरणारे पाणी शेजारच्या दहा विहिरींचे होते, तिच्या सावलीत येणारी पाखरे सर्व गावाची होती. ऋण आहे ते त्यांचे. आणि त्यांना मेथी देऊन ते फिटत नाही. काँक्रीटखालची माती परत मिळत नाही. त्या अर्थी घरधन्यांच्या सात पेट्या प्रायश्चित्त नव्हेत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मग त्या काय आहेत? आमच्या आईचा एक शिरस्ता होता. दूध कितीही कमी असो, विरजणापुरते दही ती कोणाला खाऊ देत नसे. त्या चमचाभर दह्याने कोणाचे पोट भरत नाही. पण ते संपले तर उद्या शेजारणीकडे वाटी घेऊन जावे लागते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. 'प्रयोग परिवार' उभारून त्यांनी शेतकऱ्यांना आणि साध्या गृहस्थांना हेच शिकवले की पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि थोडे लक्ष यांतून माती घरच्या घरी तयार होऊ शकते. त्या वाटेने जाऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि तेथील कर्मचाऱ्यांनी २००२ च्या सुमारास खरकट्या-सालींपासून माती केली आणि तिच्यात झाडे वाढवली. पोत्यातून विकत आणलेली माती आणि घरच्या सालींची केलेली माती, दोन्हींत मेथी सारखीच उगवते. पण पहिलीत कोणाचे तरी काढून घेतलेले असते, दुसरीत नसते. सोवियत संघ १९९१ साली कोसळल्यावर हवानाच्या लोकांनी मोकळ्या भूखंडांवर भाजी लावली ती पोटासाठी. आपल्याला अजून ती वेळ आलेली नाही, म्हणून आपली मेथी आपल्याला खेळ वाटते. माती करण्याची, बी राखण्याची, ऊन कोठून फिरते ते पाहण्याची विद्या ज्या घरात जिवंत आहे, त्या घरातल्या मुलाला उद्या दोन गुंठे मिळाले तर त्यांचे काय करायचे ते कळेल. नाहीतर तोही फरशी बसवील. जशी आम्ही बसवली.

हे सारे आम्ही त्या घरधन्यांना नाताळच्या आधी, कुमसार आटोपल्यावर बाकावर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग त्या आवारातले ब्लॉक काढता येतात का, फादर?"

धर्मग्राम बदलून गेलेल्या धर्मगुरूला जुन्या आवारात हात घालता येत नाही. परंतु आता ज्या धर्मग्रामात आम्ही आहोत, तेथेही ब्लॉक आहेतच. पॅरिश कौन्सिलच्या दोन बैठका झाल्या. पार्किंगवरून बराच वाद झाला. अखेरीस विहिरीच्या बाजूची चार फूट रुंद पट्टी मिळाली. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तरुण मंडळींनी ब्लॉक उचलले. खाली ग्रिट आणि दाबलेला मुरूम. गांडूळ तर सोडाच, मुंगीही नव्हती. घरधनी बोईसरहून रिक्षात दोन पेट्या घालून घेऊन आले. आतली माती काळी, भुसभुशीत होती, हाताला गार लागत होती. मुरूम पहारीने फोडून त्यांनी ती त्यात ओतली आणि वर सुकलेली पाने पसरली. चाळीस फुटांच्या पट्टीत दोन पेट्यांची माती ती किती पुरणार!

जाताना त्यांनी रिकाम्या पेट्या झाडून परत रिक्षात ठेवल्या. "पुन्हा भरायला तीन-चार महिने लागतील," ते म्हणाले, "सोसायटीतल्या बायकांना साली टाकू नका म्हणून सांगून ठेवलंय." विहिरीकडच्या टोकाला आम्ही शेवग्याची फांदी खोचली आहे. दोन डोळे फुटलेले दिसतात. एक काल कोणाच्या तरी बकरीने खाल्ला.