दाखल्यावरचा धर्म

इ.स. २५० च्या जून महिन्यात इजिप्तमधल्या एका खेड्यातला बहात्तर वर्षांचा म्हातारा सरकारी समितीपुढे अर्ज घेऊन उभा राहिला. नाव ऑरेलियस डायोजिनिस, बापाचं नाव सताबूस, ओळखीची खूण उजव्या भुवईवरचा व्रण. आपण देवांना आजवर बळी देत आलो, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखतही दिला, नैवेद्य चाखला, तरी तसा दाखला मिळावा, एवढाच अर्जाचा मजकूर. खाली सही आणि तारीख. अशा चाळीसहून अधिक अर्जांचे पपायरस इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. त्यातला एक तर मगरदेवतेच्या पुजारणीचा आहे! तिच्या निष्ठेबद्दल कुणाला काय शंका असणार? पण रोमन सम्राट डेसियसचा बळी देण्याचा हुकूम सरसकट होता आणि कागद सगळ्यांनाच लागत होता.

ख्रिस्ती माणसांनी यावर निरनिराळ्या वाटा काढल्या. काही तुरुंगात गेले, काही मेले. पुष्कळांनी मुकाट्यानं बळी दिला. आणि काहींनी चिरीमिरी देऊन, बळी न देताच, नुसता दाखला मिळवला. हात स्वच्छ, मन शाबूत, फक्त कागद खोटा.

जिंतूरच्या ज्या दोघांचा संवाद पुढे आहे, त्यांच्यापुढची अडचण याच शेवटच्या जातीची. माणसं कल्पित आहेत, अडचण मात्र खरी आहे. मराठवाड्यात ती बंद दाराआड बोलली जाते.

एकजण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, मूळ घर जालन्याकडचं. दुसरा चोवीस वर्षांचा मुलगा, तालुक्यातल्याच एका गावातला, मांगवाड्यात वाढलेला. दोन वर्षांपूर्वी त्यानं गाजावाजा न करता बाप्तिस्मा घेतला. घरी मरीआईचं ठाणं आहे, बाप जत्रेला हलगी वाजवतो. मुलगा तलाठी भरतीची तयारी करतोय. २०२३ च्या भरतीत साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. पिशवीत लॅमिनेशन केलेला जातीचा दाखला: हिंदू-मांग, अनुसूचित जाती.

“माय म्हणती, ठेव की देवाला मनात. कागदाला कशाला सांगतूस?” मुलानं सुरुवात केली. “गुरुजी, मला तिचं पटत नाही. पण ती चुकती कुठं, तेबी सांगता येत नाही.”

गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. “आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मग माय.”

कायदा फार लांब नाही. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्यातला तिसरा परिच्छेद. सुरुवातीला त्यात होतं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शिखांना त्यात जागा मिळाली, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेरच आहेत. देशभरातले दलित ख्रिस्ती १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात. योगायोग असा, की महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढताना नेमक्या त्याच तारखेच्या आधीचा पुरावा मागतात. मराठवाड्यातल्या माणसाला त्यासाठी निजामाच्या अमलातला एखादा कागद हुडकत फिरावं लागतं.

“म्हणजे मी ज्या दिवशी पाण्यात उतरलो, त्या दिवशी मांग राहिलो नाही?”

“कायद्यानं नाही राहिलास.”

“मग गावाला कुणी कळवलं नाही का? मागच्या महिन्यात पाटलाच्या लग्नात हलगीला माणूस कमी पडला, तर मलाच हाक मारली. चहा आला तो कागदाच्या कपात. बाकीच्यांना काचेचे गिलास.”

गुरुजी यावर काही बोलले नाहीत. उत्तर नव्हतंच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा एक माणूस. सरकारनं चांभारांना टपऱ्या फुकट वाटल्या, याला मिळाली नाही, कारण हा ख्रिस्ती. तोच रस्ता, तीच आरी, तेच चामडं. न्यायालयानं सांगितलं, धर्म बदलल्यानंतरही जातीचा जाच तेवढाच तीव्र राहतो, हे आधी दाखवून द्या. टपरी काही मिळाली नाही. कागदाच्या कपाचा पुरावा कुठल्या कोर्टात कसा मांडायचा, हे त्या निकालात कुठं सांगितलेलं नाही.

“म्हणून तर म्हणतो,” मुलगा पुढे सरसावला. “दाखल्यावर दोन शब्द आहेत. हिंदू अन् मांग. त्यातला एक खोटा असंल, दुसरा तर सोळा आणे खरा आहे ना? अन् पैसे त्या दुसऱ्या शब्दाचेच मिळतात.”

युक्तिवाद बिनतोड वाटतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो साफ फेटाळला आहे. पुदुच्चेरीतल्या एका महिलेनं कारकुनाच्या जागेसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला. तिचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, चर्चला जाणं नियमित. आपण हिंदूच आहोत असं तिचं म्हणणं. न्यायालयानं ते मानलं नाही आणि केवळ आरक्षणापुरतं हिंदू म्हणवून घेणं ही राज्यघटनेशी लबाडी आहे, अशा अर्थाचं खरमरीत भाष्य केलं. कायद्याच्या चौकटीत निकाल सुसंगत आहे. चौकटच वाकडी असली तर सुसंगतपणाला किती किंमत द्यायची, हा प्रश्न वेगळा. दलित ख्रिस्ती आणि मुसलमानांना यात घ्यावं का, हे तपासायला केंद्रानं २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याच्याही आधी, २००७ साली, रंगनाथ मिश्रा आयोगानं ‘घ्या’ असं सांगून झालंच होतं.

“तुमच्या वेळेला काय केलंत?” मुलानं विचारलं.

“काय करणार? आजोबाच बेथेलचे. माझ्या टी.सी.वरच ‘ख्रिस्ती’. मला निवडायला मिळालंच नाही, म्हणून मी फार प्रामाणिक राहिलो.” गुरुजी हसले. “फुकटचा प्रामाणिकपणा. त्याचा गर्व करू नये.”

बेथेल म्हणजे जालन्याजवळची जुनी ख्रिस्ती वसाहत. जिंतूरहून मंठ्यामार्गे जालन्याला जाणारी वाट गुरुजींच्या पायाखालची आहे. वसाहत वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ते निजामाच्या मुलखातले ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी तिथं मांग-महार कुटुंबं वसवली. विरोध कसा सोसावा याचा दाखला म्हणून प्रवचनात त्यांचं नाव येतं, आणि ते योग्यच आहे.

पण गुरुजींना त्या गोष्टीत दुसराच माणूस दिसतो. “नारायणरावांचा धाकटा भाऊ होता, श्रीपत. बारा-एक वर्षांचा. तोही मिशनऱ्याच्या घरी जाऊन राहिला. बाप कोर्टात गेला. कोर्टानं पोरगं बापाच्या हवाली केलं. आता बापाच्या घरी तरी घेतील? तर मुंबईतल्या ब्राह्मणांत वाद पेटला, की हा ख्रिस्त्यांच्या घरी जेवला, याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यायचं की नाही. बाळशास्त्री जांभेकर ‘घ्या’ म्हणाले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. थोरला विश्वासात खंबीर राहिला, सगळं कबूल. त्या बारा वर्षांच्या पोराचं काय?”

“म्हणजे नारायणरावांनी घ्यायलाच नको होता बाप्तिस्मा?”

“तसं मी म्हणत नाही. खंबीर राहणाऱ्याचं नाव होतं आणि पावती फाटते घरच्यांच्या नावानं. टिळकांचंच बघ. ना. वा. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पदरात लहान मूल घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढं त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, म्हणून आपल्याला तो काळ माहीत तरी आहे. न लिहिणाऱ्या किती असतील?”

मुलाला हे भलतंच सोयीचं वाटलं. “मग माझंबी तेच! मी दाखला सोडला तर पावती मायच्या नावानं. ती आजबी दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढती. मी खंबीर राहायचं अन् तिनं वाकून?”

इथं गुरुजी चांगलेच अडकले. आपलाच मुद्दा पोरानं आपल्यावर उलटवला, हे त्यांच्या ध्यानात आलं. शिक्षकाला असं झालं की आनंद व्हायला हवा. तो लगेच होतो असं नाही.

“शेजारच्या बौद्ध वाड्यात विचार,” ते जरा वेळानं म्हणाले. “१९५६ ला बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला. महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. तेवढ्या काळात पुष्कळांनी कागदावर ‘हिंदू महार’ चालू ठेवलं आणि घरी पंचशील म्हटलं. त्यांना तू खोटारडे म्हणशील?”

“नाही.”

“मीही म्हणणार नाही. पण ज्यांनी शाळेत मास्तरांसमोर ‘बौद्ध’ लिहा म्हणून हट्ट धरला, त्यांची संख्या सरकारला दिसली. लपलेला माणूस जनगणनेत दिसत नाही, मोर्चातही नाही. सगळेच लपले, तर या कायद्यानं अन्याय होतोय तरी कुणावर? कागदावर माणूसच नाही.”

हा मुद्दा वजनदार आहे. गरिबानं आपली नोकरी चळवळीच्या खात्यात जमा करावी, असं पेन्शन घेणाऱ्यानं सांगणं मात्र थोडं सोपंच असतं. गुरुजींना ते कळत असावं, कारण त्यांनी तो धागा तिथंच सोडला.

मुलाकडे बायबलमधलं उत्तर तयार होतं. नामान. अरामी सेनापती, कुष्ठ बरं झाल्यावर इस्राएलच्या देवाला मानू लागला. पण त्याचा राजा रिम्मोनच्या देवळात जाताना याच्या हाताचा आधार घ्यायचा, म्हणजे राजाबरोबर यालाही वाकावं लागणार. तेवढ्याची क्षमा व्हावी, असं त्यानं अलीशाला विचारलं. अलीशानं त्याला शांतीनं जायला सांगितलं.

“बघा गुरुजी! माझा दाखला म्हणजे माझा रिम्मोन.”

“अलीशानं हो म्हटलेलं नाही.”

“नाही पण म्हटलं नाही!”

“खरंय. पण नामानानं काय केलं ते बघ. आपण कुठं वाकणार हे त्यानं आधीच तोंडानं सांगितलं, तेही ज्याच्याकडून धर्म शिकला त्याला. पकडला गेल्यावर नव्हे. तू दोन वर्षांत कुणाला सांगितलंस? मायला? आपल्या रविवारच्या प्रार्थनेतल्या पंधरा-वीस जणांना तरी?”

मुलगा गप्प बसला.

कार्थेजच्या मंडळीपुढे २५१ साली हाच प्रश्न होता. छळ ओसरल्यावर दाखला घेतलेली माणसं परत दाराशी आली. रोममध्ये नोव्हातियन नावाचा कडवा पुढारी म्हणाला, यांना दार कायमचं बंद. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं आणि त्याच्या सभेनं तसं केलं नाही. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला, त्यांच्यासाठी लांबलचक प्रायश्चित्त. ज्यांनी नुसता कागद घेतला, त्यांचं एकेकाचं ऐकून घ्यायचं: कोणी कशासाठी केलं, बायकापोरांना वाचवण्यासाठी केलं का, पश्चात्ताप आहे का, आणि त्याप्रमाणे परत घ्यायचं. यातली बोचणारी गोष्ट ही, की सिप्रियन स्वतः त्या छळाच्या वेळी लपून बसला होता. त्यावरून त्याला पुष्कळ बोलणी खावी लागली. २५७ साली पुन्हा छळ सुरू झाला, तेव्हा तो लपला नाही. २५८ साली त्याचं शिर उडवलं गेलं.

“मला सिप्रियन आवडतो,” गुरुजी म्हणाले. “एकदा भ्याला होता, म्हणून भित्र्यांचं ऐकायला बसला.”

“म्हणजे मी दाखला वापरला तर तुम्ही मला मंडळीतून काढणार नाही?”

“काढायचं म्हटलं तर निम्मी मंडळी जाईल. मी तुला वापर असंही सांगणार नाही. नोकरी लागली आणि पाच वर्षांनी जात पडताळणीत कुणी बाप्तिस्म्याचं रजिस्टर नेऊन ठेवलं, तर नोकरी जाईल आणि मायची मान खाली जाईल. हा झाला भीतीचा हिशेब, तो तुलाही येतो. दुसरा हिशेब असा, की तलाठी झालास की रोज दुसऱ्यांचे खरे-खोटे कागद तुझ्या टेबलावर येतील.”

“अन् खुल्या गटातून भरला तर? मेरिट तिकडं कुठल्या कुठं असतं. दहा लाखांत मी कुठं?”

“कदाचित नाही लागणार.”

“असं नका ना म्हणू.”

“लागेल म्हणून सांगू? ते खोटं होईल.”

मुलानं दाखला पिशवीत घातला. खुल्या गटाची फी हजार, राखीव गटाची नऊशे, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्यानं विचारलं, की मायला सांगायचंच झालं, तर गुरुजी घरी येतील का. बाप पिऊन असला तर अंगावर धावून येईल, हेही सांगून ठेवलं. गुरुजी म्हणाले, येईन, पण माय रानात किंवा बाजारात नसेल अशा वेळी. शिवाय आपण फक्त बसून राहू. सांगावं त्यालाच लागेल.

“ती म्हणंल, मरीआई कोपली.”

“म्हणेल.”

“मग मी काय म्हणू?”

गुरुजींनी यावर बराच विचार केला, आणि जत्रेत बापाच्या शेजारी हलगी वाजवायला तो यंदा उभा राहणार आहे की नाही, हे आधी ठरव, असं सुचवलं. माय पहिला प्रश्न तोच विचारील, दाखल्याचा नंतर.