केलेले जाणावे



सोमवारी मठात दर्शनाला येणारे आईबाप अलीकडे एक तक्रार हमखास करतात. "स्वामीजी, मुलाला मागेल ते देतो. वह्या, कपडे, सायकल, आता मोबाइलही दिला. पण दिल्याची जाण म्हणून नाही. दोन चांगल्या गोष्टी तुम्हीच सांगा त्याला." मूल शेजारी मान खाली घालून उभे असते. आम्ही विभूती लावतो, प्रसाद देतो, दोन शब्द सांगतो. परंतु दोन शब्दांनी कृतज्ञता येत असती, तर ती केव्हाच घरोघर नांदली असती. म्हणून या अंकात मुलांशी न बोलता तुमच्याशी बोलावे असे योजिले आहे.

प्रथम शब्दच पाहू. 'कृतं जानाति इति कृतज्ञः' असा याचा विग्रह होतो. केलेले जो जाणतो, तो कृतज्ञ. या शब्दात आभार नाहीत, नमस्कार नाही, परतफेडही नाही. आहे ते केवळ जाणणे. मग ज्या मुलाला काय केले गेले, कोणी केले, कोणत्या कष्टाने केले हे कोणी दाखविलेच नाही, ते जाणणार कसे? त्याला आपण कृतघ्न म्हणून मोकळे होतो. खरे तर ते अजाण असते, आणि त्याचे अजाणपण आपण राखलेले असते.

जेडर दासिमय्या या शरणांचे एक वचन या संदर्भात मननीय आहे. जेडर म्हणजे विणकर. आपल्या रामनाथाला उद्देशून ते म्हणतात, की ही भूमी, तिच्यावर डोलणारे पीक आणि भोवती वाहणारा वारा, सारे तुझेच दान आहे. तुझे दान खाऊन जे इतरांची स्तुती गात फिरतात त्यांना काय म्हणावे, असा प्रश्न ते शेवटी विचारतात, आणि तो विचारताना फार कठोर शब्द वापरतात.

हे वचन एका विणकराचे आहे हे विसरू नये. त्यांच्या हातात सूत येण्यापूर्वी कोणी नांगरले, कोणी कापूस वेचला, कोणी पिंजला, कोणी कातला. मागावर बसलेल्या माणसाला आपल्या एका धाग्यामागचे हात दिसतात, आणि त्या हातांच्याही मागे माती, पाऊस आणि वारा दिसतो. म्हणून त्यांनी दानाची मोजणी आपल्या कापडापासून केली नाही. ती जमिनीपासून केली.

येथे एखादा वाचक शंका घेईल : 'इतरांची स्तुती करू नये असे शरण सांगतात, मग माणसांचे उपकार कशाला आठवायचे?' शंका रास्त आहे. पण शरणांचा रोष आहे तो धनवंतांच्या दाराशी उभे राहून लाचारीने गायिलेल्या स्तुतीवर. राबणाऱ्या हाताची जाण ठेवणे ही लाचारी नव्हे. ज्यांनी कायकाला कैलासाची योग्यता दिली, त्यांच्या दृष्टीने परमेश्वराचे दान आपल्यापर्यंत पोहोचते ते कायक करणाऱ्या हातांतूनच. ते हात न पाहता केवळ आकाशाकडे पाहून हात जोडणे, हे अर्धेच जाणणे होय.

हे आम्हालाही उशिरा उमगले. लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या मठाच्या प्रसादनिलयात खेड्यापाड्यांतील मुले राहून शिकतात. काही वर्षांपूर्वी शाळेत 'माझ्यावर उपकार करणारे' हा निबंधाचा विषय होता. सातवीतल्या एका मुलाची वही गुरुजींनी संकोचत आमच्यापुढे ठेवली. मुलाने लिहिले होते : 'आमच्या मठात ज्यांनी पातेली दिली त्यांची नावे पातेल्यांवर कोरली आहेत. ज्या मावशी ती पातेली रोज घासतात त्यांचे नाव कुठेच नाही. मला पण ते माहीत नाही.'

त्या रात्री इष्टलिंगपूजेला बसलो, पण दृष्टी लिंगावर ठरेना. देणगीदारांच्या सत्काराची यादी आम्हाला तोंडपाठ होती. बावीस वर्षे ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांना आम्हीही 'मावशी' एवढेच म्हणत होतो. कृतज्ञतेवर आम्ही किती प्रवचने केली असतील! पण मुले प्रवचन ऐकत नव्हती. आम्ही कोणापुढे हात जोडतो आणि कोणापुढून न पाहता जातो, हे ती पाहत होती.

सकाळी स्वयंपाकघरात जाऊन त्यांना पूर्ण नाव विचारले. त्या चुलीपासून न उठता म्हणाल्या, "आता कशाला स्वामी? सरका जरा, भात लागंल खाली." ते नाव येथे छापावे असे मनात होते. त्यांनी हात जोडून नको म्हटले, म्हणून छापत नाही. परंतु आता प्रसादनिलयातील प्रत्येक मुलाला ते ठाऊक आहे. आठवड्यातून एक दिवस मुले पाळीने पीठ मळतात, भाजी निवडतात, पातेली घासतात. पहिल्या आठवड्यातच ताटात टाकलेले अन्न कमी झाले. त्यासाठी कोणाला रागवावे लागले नाही. ज्याने एकदा धुरात बसून भाकरी थापली, त्याला भाकरी टाकवत नाही.

घरातही हाच मार्ग आहे. मुलाला 'थँक्यू म्हण' असे शिकविणे वाईट नाही, पण तो शब्द ओठांवर राहतो. त्याऐवजी रात्रीच्या जेवणाला पहिला घास घेण्यापूर्वी एका मुलाने एक नाव सांगावे : आजचे हे अन्न कोणाच्या हातून आले? एक दिवस आई, एक दिवस जोंधळा पिकविणारा, एक दिवस गिरणीवाला, एक दिवस पहाटे दूध घालणारा. वडिलांनीही सांगावे. ज्या घरात बाप आईच्या स्वयंपाकाला नावे ठेवतो, किंवा कामाला येणाऱ्या बाईला वेगळा कप देतो, त्या घरात मुलाला हा पाठ कितीही दिला तरी तो टिकणार नाही.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा मुलांना जरूर सांगावी. कल्याण नगरीत सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी जादा तांदूळ परत टाकून येण्यास सांगितले. गरजेपुरते घेणे ही अन्नाची जाणच आहे. ताटात हवे तेवढेच वाढून घेणारे मूल लक्कम्मांच्या वाटेवर एक पाऊल चालते.

मात्र एका गोष्टीपासून आईबापांनी फार जपावे. 'आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, पोटाला चिमटा काढला,' असा जमाखर्च मुलापुढे रोज वाचू नये. दान करताना 'मी केले' ही भावना मनात डोकावू नये, असा इशारा बसवण्णांनी दिला आहे. दान आणि दासोह यांत भेद आहे तो येथेच. दाता उंचावर उभा असतो, दासोह करणारा खाली वाकलेला असतो. उपकार मोजून दाखविले की त्यांचे कर्ज होते, आणि कर्जदार सावकारावर प्रेम करीत नाही. तो एक तर खोटे गोड बोलतो, नाही तर घर सोडण्याची वाट पाहतो. कष्ट जरूर दिसू द्यावेत. बापाने मुलाला एक दिवस शेतात, दुकानात, कारखान्याच्या दारापर्यंत न्यावे. दाखवावे, पण ऐकवू नये. घेणाऱ्याने आठवावे आणि देणाऱ्याने विसरावे, यातच दोघांचे कल्याण आहे.

आता शाळेविषयी. ज्या वर्गात मूल बसते, तो वर्ग कोणामुळे उभा राहिला हे त्याला कळले पाहिजे. आपल्या सीमाभागातील उदाहरण घ्या. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली लिंगैक्य झाले. त्यांनी आपली मालमत्ता समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. ज्यांचे तोंडही पाहिले नाही, अशा मुलांसाठी! १९१६ साली बेळगावात सात जणांनी के.एल.ई. संस्था सुरू केली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४) यांनी गावोगावच्या ताडपत्रांतून वचने गोळा केली, आणि ती छापण्यासाठी राहते घर विकून छापखाना घातला. १९२३ साली 'वचनशास्त्रसार'चा पहिला भाग निघाला. आज तुम्ही-आम्ही मराठीतून ज्या वचनांचे मनन करतो, त्यांच्यामागे या विकलेल्या घराची पुण्याई आहे. हे मुलांना सनावळी म्हणून सांगू नये. 'तुझ्यासाठी कोणी तरी घर विकले' असे सांगावे. त्यांच्या डोळ्यांत फरक दिसेल.

पण थोरांची नावे सांगून थांबलो, तर पातेल्यावरच्या नावांचीच चूक पुन्हा होईल. शाळेची घंटा देणारे, झाडलोट करणारे, खिचडी शिजविणारी ताई, यांची नावे मुलांना ठाऊक असावीत, आणि हाकेत आदर असावा. बसवण्णांनी स्वर्ग आणि नरक लांब कुठे दाखविले नाहीत. आदराच्या हाकेत स्वर्ग आणि तुच्छतेच्या हाकेत नरक, असे त्यांनी सांगितले. शिक्षकांनीही फळा पुसणाऱ्या मुलाला 'बरे केलेस बाळ' म्हणावे. आणि पालकांनी घरी मुलांसमोर गुरुजींची निंदा करू नये. तक्रार असेल तर शाळेत जाऊन गुरुजींनाच सांगावी.

शेवटी, जाणणे मनातच राहिले तर तेही पुरे नव्हे. बसवण्णा एका वचनात कावळ्याचा दाखला देतात. कावळ्याला एक शीत दिसले तरी तो आपल्या जातभाईंना हाक मारतो. आपल्याला जे मिळाले ते ज्याच्याकडून मिळाले त्याला बहुधा परत करता येत नाही. आईचे दूध परत करता येत नाही, हळकट्टींचे घर परत करता येत नाही. म्हणून ते पुढे द्यावे लागते. आपल्या वह्यांतली एक वही, आपल्या वेळातली एक घटका, आपल्या डब्यातला एक घास पुढच्याला देणारे मूल न बोलता कृतज्ञ झालेले असते. यालाच शरणांनी दासोह म्हटले.

तर सद्भक्तहो, आज मुलाला काही सांगण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. तुमच्या घरात, दुकानात, गल्लीत रोज तुमच्यासाठी राबणारे असे कोण आहे, की ज्याचे पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक नाही? उद्या ते विचारा. मुलाला सोबत घेऊन विचारा.

शरणु शरणार्थी.